वाहाकात घेतलेला विपील वाहाकाचा नाहीच निघाला

निरगुडी

गेली दोन वर्षं आम्ही मेक्सिकोत ग्वादालाहाराला आहोत, नवऱ्याची आयटीतली नोकरी आणि मी घरून काम करते. डिसेंबरात सुट्ट्या जोडून वाहाकाला जाऊन आलो. (स्पेलिंग बघून आपण ओअक्साका वगैरे म्हणतो, मीही सहा महिने तेच म्हणत होते आणि शेजारीण हसू दाबत होती.) तिथे एका दुकानात एक विपील आवडला, लालभडक, अंगभर बारीक बारीक चौकट्यांची नक्षी. दुकानदार म्हणाला इथल्याच जवळच्या गावातला आहे, तीन महिने लागतात एक विणायला. ३२०० पेसो सांगितले, मी तेवढेच दिले, घासाघीस केली नाही. म्हणजे रुपयांत पंधरा हजारांच्या आसपास. घरी फोन करून सांगितलं तर आई म्हणाली एवढ्यात सेमी पैठणी आली असती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विपील म्हणजे तिकडच्या आदिवासी बायकांचा अंगरखा, पण शिंप्याने बेतलेला नाही. मागावरून उतरलेले दोन किंवा तीन सरळ पट्टे शेजारी ठेवून जोडायचे, मधोमध डोकं जाईल एवढी फट, दोन्ही बाजूंना हातापुरती जागा सोडून शिवण. झालं. कापडाला कात्री जवळपास लागतच नाही. उलगडून जमिनीवर पसरला तर नुसता आयत दिसतो. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून हे असंच आहे, जुन्या चित्रपोथ्यांमधल्या बायकांच्या अंगावर हाच कपडा दिसतो.

तर परवा नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीला मी तो विपील जीन्सवर घालून गेले आणि मिरवत होते, वाहाकाचा आहे वाहाकाचा आहे. त्याची एक सहकारी चियापास या दक्षिणेकडच्या राज्यातली आहे. ती आली, बाही हातात धरून उलटी करून बघितली आणि म्हणाली, अगं हा वाहाकाचा कशाला असेल, हा सान आंद्रेसचा आहे, माझ्या आजोळच्या शेजारचं गाव. सान आंद्रेस लाराइन्सार. हे चियापासच्या डोंगरात आहे, वाहाकाहून बसने अख्खी रात्र लागते. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

मग तासभर आम्ही कोपऱ्यात बसून त्या कपड्यावरच बोलत होतो, नवरा दोनदा बोलवायला येऊन गेला. आपल्याकडे बायका लांबून सांगतात ना, ही इरकल, ही नारायणपेठ, तसंच, पण तिकडे ते गावावर येतं. ती सांगत होती की सान क्रिस्तोबाल शहराच्या आसपास दहाएक किलोमीटरवर चामुला आणि सिनाकान्तान अशी दोन गावं आहेत, दोन्हीकडची भाषा त्सोत्सिलच, पण चामुलाच्या बायका काळ्या केसाळ लोकरीचा घागरा नेसतात आणि सिनाकान्तानच्या बायकांच्या अंगावर नुसती फुलं. बाजारात कोण कुठली हे विचारावं लागत नाही. चामुलात मेंढ्या बायकाच पाळतात, त्यांना नावं असतात, आणि मेंढी खात नाहीत.

माझ्या विपीलवरचा जो चौकोन आहे, कोपऱ्यावर उभा केलेला, तो म्हणजे जग. चार टोकं म्हणजे चार दिशा आणि मध्ये सूर्य. असे चौकोन ओळीने, आणि मधून बाईचं डोकं बाहेर येतं. म्हणजे विपील घातला की बाई जगाच्या बरोब्बर मध्यावर उभी. हे ऐकून अंगावर काटा आला, पण लगेच ती म्हणाली, हे मलाही म्युझियममध्ये वाचून कळलं, आजीला विचारलं तर ती म्हणते चौकोन आहे, असाच असतो. :)

माझा प्रश्न असा आहे की मी हा घालणं बरोबर आहे का? म्हणजे मी त्या गावची नाही, मला ते गाव नकाशावर सुद्धा दाखवता येत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे मला फसवलं का?

---

चिंचोका

मस्त लिहिलंयस! वाचनखूण साठवली. फोटो कुठाय पण??

---

ठाणेकर_काका

फसवलं यात शंका नाही. पर्यटक दिसला की 'जवळच्या गावातला' हे जगभर ऐकायला मिळतं. महाबळेश्वरच्या बाजारातली सगळी चप्पल 'खास कोल्हापूरहून' आलेली असते. सांगितले तेवढे पैसे देणाऱ्याला देवच वाचवो. निम्म्यापासून सुरुवात करायची हा साधा नियम आहे.

---

लष्करच्या_भाकऱ्या

निरगुडी, हा माग कसा असतो तो पाहिलास का? आम्ही पोस्टिंगवर चार वर्षं दिमापूर-कोहिमाकडे होतो, तिथे नागा बायका कमरेच्या मागावर विणतात आणि मला खात्री आहे की तुझ्या विपीलचा माग तोच असणार. एक टोक खांबाला नाहीतर झाडाला बांधायचं, दुसऱ्या टोकाला पट्टा, तो विणणारीच्या कमरेमागून जातो. ताणा ताठ ठेवायचा तर बाई मागे रेलते, सैल करायचा तर पुढे झुकते. चौकट वगैरे काही नाही, चार काठ्या आणि दोरी, काम संपलं की गुंडाळून कोपऱ्यात उभा करून ठेवायचा. माझ्या शेजारणीने मला बसवलं होतं एकदा. दहा मिनिटांत पाठ गेली आणि जे विणलं गेलं ते तिने नंतर गुपचूप उसवलं.

@ठाणेकर_काका, हे एकदा करून बघा आणि मग निम्म्यापासून सुरुवात करा.

---

निरगुडी

हो तोच!! स्पॅनिशमध्ये त्याला तेलार दे सिन्तुरा म्हणतात, म्हणजे अगदी शब्दशः कमरेचा माग. आणि तुझ्या पोस्टमुळे आत्ता ट्यूब पेटली की विपील पट्टे जोडून का करतात. माग बाईच्या अंगाला बांधलेला, त्यामुळे कापड तिचे दोन्ही हात पोचतील तेवढंच रुंद होणार. अर्ध्या मीटरच्या आसपास. अंग झाकायचं तर दोन-तीन पट्टे लागणारच.

आणि ही नक्षी भरतकाम नाही हेही मला उशिरा कळलं. विणतानाच नेहमीच्या बाण्याच्या जोडीला रंगीत धागा बोटांनी किंवा टोकदार काडीने मध्ये मध्ये घालत जायचं. कागदावर काही काढलेलं नसतं, सगळं मोजणीवर. मागून नीट लक्ष देऊन बघितलं तर धागा कुठून कुठे उडी मारतो ते दिसतं.

---

टवाळखोर

धाग्यावर धागा आणि धाग्यात धागा. चालू द्या.

---

प्वेब्लावाला

प्वेब्लाला कार कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं होतो त्यामुळे हात शिवशिवले. भारताशी नातं असलेल्या दोन गोष्टी सांगतो, तिकडे फारशा कुणी सांगत नाही.

पहिली, पालियाकाते. मेक्सिकोत शेतकऱ्याच्या गळ्यात, ट्रकवाल्याच्या कपाळाला, मिरवणुकीत नाचणाऱ्यांच्या हातात जो लाल रुमाल असतो तो. त्यांचा स्वातंत्र्यलढ्यातला सेनापती मोरेलोस, त्याच्या प्रत्येक चित्रात डोक्याला रुमाल बांधलेला असतो. १९९४ साली चियापासमध्ये झापातिस्तांचा, म्हणजे तिथल्या आदिवासी बंडखोरांचा, उठाव झाला तेव्हा पोरांनी तोंडाला हाच रुमाल बांधलेला. तर पालियाकाते हे नाव आलं पुलिकतवरून. चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत म्हणून सरोवर आहे ना, फ्लेमिंगो येतात ते, तिथे डचांचं ठाणं होतं आणि तिथले चौकड्यांचे रुमाल जगभर जायचे. १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं मनिला ते आकापुल्को गलबतं चालायची, त्यातून चिनी रेशीम यायचं तसं आपल्याकडचं सुती कापडही यायचं. आणि आजचा पालियाकाते नीट बघा, त्यावर काय असतं? कोयरी! मी बाजारात उभा राहून त्या म्हातारीला सांगत होतो की हा आंबा आहे, आमच्याकडचा. ती म्हणाली आंबा पिवळा असतो.

दुसरी गोष्ट, चीना पोब्लाना. निरगुडीला माहीत असणार, ग्वादालाहाराचा जो प्रसिद्ध नाच, खाराबे तापातियो, त्यात बाईचा पोशाख तोच असतो. टिकल्या लावलेला लाल-हिरवा घागरा, भरतकामाचा पांढरा ब्लाऊज, वर रेबोसो, म्हणजे ओढणी. राष्ट्रीय पोशाखच म्हणा. याची दंतकथा अशी की हा पोशाख एका भारतीय मुलीने आणला. मुलगी खरी आहे. नाव मिर्रा सांगतात, मुघलांच्या मुलखातली, पोर्तुगीज चाच्यांनी पळवली, कोचीनला आणली, मनिलाच्या बाजारात विकली आणि १६२० च्या आसपास आकापुल्कोवरून प्वेब्लाला पोचली. कातारिना दे सान हुआन असं तिचं नाव ठेवलं. म्हातारपणी संत म्हणून लोक पाया पडायचे. ती १६८८ साली वारली, त्यानंतर काही वर्षांत इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, तिची चित्रं आणि तिचं चरित्र दोन्हीवर बंदी घातली. आम्ही त्या जेझुइट चर्चमध्ये गेलो होतो जिथे तिला पुरलं, बाहेर एकदम ऊन, आत थंडगार, बायको बराच वेळ तिथून हलेना.

पण पोशाख तिचा नाही. ती साध्या जाड्याभरड्या कपड्यांत राहायची, टिकल्यांच्या घागऱ्याला तिने हातही लावला नसता. तो घागरा एकोणिसाव्या शतकातला, शहरातल्या कष्टकरी पण तोऱ्यात राहणाऱ्या बायकांचा. त्यांना 'चीना' म्हणायचे. नाव जुळलं आणि गोष्ट चिकटली.

---

चिंचोका

बाप रे. हिच्यावर वेगळा धागा काढा प्लीज.

---

मीनल_म

चित्रकार फ्रीडा काहलोचं कुणीच काढलं नाही अजून? आश्चर्य आहे. माझ्या ऑफिसात निम्म्या जणींच्या मगवर ती आहे आणि तिने काय घातलंय हे एकीलाही माहीत नाही.

ती जो पोशाख करायची तो तेवानाचा, वाहाका राज्यातच पण दक्षिणेला तेवान्तेपेकची संयोगभूमी आहे तिथल्या सापोतेक बायकांचा. आखूड मखमली विपील, त्यावर मोठाली फुलं, खाली पायघोळ घागरा आणि त्याला पांढऱ्या लेसची झालर. तिच्या आईकडचं मूळ वाहाकाचं, वडील जर्मन. लहानपणच्या पोलिओने एक पाय बारीक झालेला, १९२५ ला बसचा भीषण अपघात, तर लांब घागऱ्यात पाय झाकला जायचा हे एक कारण सांगतात. पण तेवढंच कारण मानलं तर ते फार बिचारं होतं. १९१० च्या मेक्सिकन क्रांतीनंतर तिकडच्या चित्रकार-लेखक मंडळींना युरोपचं नको, आपलं काहीतरी हवं होतं आणि त्यांना तेवाना सापडली, कारण तिकडच्या बायका बाजार चालवतात, पैसा हातात ठेवतात, उंच मान करून चालतात. १९३७ पासून दहा पेसोच्या नोटेवर सुद्धा तेवाना होती. १९३९ चं दोन फ्रीडांचं मोठं चित्र आहे त्यात एक पांढऱ्या युरोपियन झग्यात आणि दुसरी तेवानाच्या वेशात, दोघी हात धरून बसलेल्या.

ती १९५४ ला गेल्यावर तिचे कपडे घरातच बंद करून ठेवलेले, ते २००४ ला उघडले. तीनशेच्या आसपास वस्तू निघाल्या. लंडनला २०१८ साली प्रदर्शन लागलं होतं तेव्हा मी भाचीकडे होते म्हणून बघता आलं. एका घागऱ्यावर रंगाचे डाग होते. पेंटिंगच्या रंगाचे. त्याच्यापुढून मला हलवेना.

---

ठाणेकर_काका

म्हणजे चित्रकारांनी आदिवासी बायकांचा पोशाख उचलून फॅशन केली. तेव्हा कुणी बोललं नाही. आता कंपन्यांनी उचलला की मात्र चोरी.

---

मीनल_म

काका, मुद्दा चांगला आहे आणि तिकडे तो बोललाही जातो. पण फ्रीडाने ते कपडे विकत घेऊन घातले, त्यावर स्वतःचं लेबल लावून विकले नाहीत.

---

टवाळखोर

कंपन्यांचा विषय निघालाच आहे तर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, आपण सगळे प्राडाच्या नावाने बोटं मोडत होतो ना? जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरी आली आणि कोल्हापूरचं नावच नाही. त्याच्यानंतर दोन महिन्यांच्या आत आदिदासने 'वाहाका स्लिप-ऑन' नावाचं पादत्राण दाखवलं, वर विणलेल्या चामड्याच्या पट्ट्या, खाली बुटाचा तळ. ते म्हणजे वाहाकातल्या यालालाग गावचे वाराचे. (हो, त्या चपलांना वाराचेच म्हणतात. सोमवारचे वेगळे, मंगळवारचे वेगळे, असं नाही.) मेक्सिकोची राष्ट्राध्यक्ष बोलली आणि ऑगस्टमध्ये कंपनीची माणसं त्या डोंगरातल्या गावात जाऊन सगळ्यांसमोर माफी मागून आली. आपल्याकडे प्राडाने पत्रात कबूल केलं, मग माणसं पाठवली. एकाच उन्हाळ्यात दोन खंडांतल्या चपला.

---

निरगुडी

@टवाळखोर हे दोन्ही एका वेळी चालू होतं आणि मी इथे बसून दोन्ही बातम्या वाचत होते, फार विचित्र वाटायचं.

इथे हे बरंच आधीपासून चालू आहे. २०१५ ला फ्रेंच डिझायनर इझाबेल मारांने वाहाकातल्या त्लाविटोल्तेपेक गावच्या ब्लाऊजसारखाच ब्लाऊज काढला, गावाने जाहीर निषेध केला. मग २०१९ ला इथल्या सांस्कृतिक मंत्र्यांनी कारोलिना एरेराच्या कंपनीला पत्रच लिहिलं की तुमच्या कलेक्शनमधली ही नक्षी तेनांगो दे दोरियाची, ही सालतियोच्या सारापेची (रंगीत पट्ट्यांची घोंगडी), ही तेवान्तेपेकची, तर त्या लोकांना यातून काय मिळणार ते सांगा. गावांची नावं घेऊन पत्र! २०२२ च्या जानेवारीत कायदाही आला, त्यात नक्षी ही सगळ्या गावाची सामायिक मालमत्ता मानली आहे. आपल्या जीआयपेक्षा (भौगोलिक मानांकन) हे वेगळं वाटलं मला, जीआय म्हणजे नावाचं संरक्षण. कोल्हापुरीला २०१९ ला मिळालाच होता की, पण नाव न घेता चप्पल केली तर तो काय करणार.

---

रंगारी

मी डाईंगमध्ये आहे, इचलकरंजीला. कापडावर सगळे बोलले, रंगावर कुणीच नाही म्हणून लिहितो, मोठं होईल.

मेक्सिकोचा लाल हा जगातला एके काळचा सगळ्यात महाग लाल. कोचिनिल. निवडुंगाच्या फड्यावर पांढऱ्या बुरशीसारखे ठिपके दिसतात, ते किडे, मादी चिरडली की बोट लालभडक. वाहाका हे त्याचं माहेर. आस्तेक राजाला खंडणीत सुती कापडाचे गठ्ठे आणि या रंगाच्या पिशव्या जायच्या, त्याची चित्रांत केलेली यादी अजून आहे. स्पॅनिश आले आणि त्यांच्या लक्षात आलं की युरोपात असला लाल कुणाकडे नाही. चांदीच्या खालोखाल दुसऱ्या नंबरची निर्यात ही होती. युरोपातल्या लोकांना बराच काळ हे बी आहे की किडा हेच माहीत नव्हतं, स्पॅनिशांनी मुद्दाम कळू दिलं नाही. ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे लाल कोट याच रंगाचे. एक पौंड रंगाला साधारण ७० हजार वाळलेले किडे लागतात, मग भाव कळेल.

आता आपल्याकडची गंमत. ईस्ट इंडिया कंपनीला वाटलं मद्रासला हे करू. निवडुंगाची बाग लावली. १७९५ ला एक कप्तान ब्राझीलकडून किडे घेऊन आला, पण ते नेमके दुसऱ्या जातीचे, रंग कमी देणारे. रंगाचा धंदा बसला आणि त्या किड्यांनी एका जातीचा निवडुंगच खाऊन साफ केला. पुढे मुद्दाम निवडुंग मारायला ते वापरले गेले. आपला बांधावरचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचाच, हेही अनेकांना माहीत नसतं.

१८५६ नंतर कृत्रिम रंग आले आणि सगळं बसलं. आता वाहाकाजवळ तेओतितलान देल वाये गावात गालिचे विणतात तिथे तो परत वापरतात.

निरगुडी, तुझ्या विपीलचा लाल कोणता आहे? आतल्या शिवणीतला एक बारीकसा धागा काढ, चिमट्यात धर, काडी लाव. वितळून काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. केस जळल्याचा वास आला तर लोकर. कागदासारखा जळाला तर सुती. सिंकवर कर, पडद्याजवळ नको.

---

पोटोबा

७० हजार किडे???? आमच्याकडे चातुर्मासात वांगं बंद असतं. हे अंगावर घालायचं?

---

रंगारी

रेशमी पीतांबर नेसून पूजेला बसताच ना?

आणि खाण्याच्या पाकिटावर ई १२० दिसलं तर तोच किडा आहे.

---

निरगुडी

तेओतितलानला आम्ही गेलो होतो! तिथल्या काकूंनी तळहातावर किडे चुरले, गडद लाल. त्यावर लिंबू पिळलं, केशरी लाल झालं. मग चिमूटभर सोडा टाकला तर जांभळं. माझा मुलगा अजून सगळ्यांना हात दाखवत फिरतो. त्या काकूंनी आणखी एक सांगितलं, जे ऐकून मला आधी थोडं वाईट वाटलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी पिकासो आणि मिरोची चित्रं गालिच्यावर विणायचे, गिऱ्हाईक तेच मागायचं. आता गिऱ्हाईकाला 'परंपरा' पाहिजे तर आम्ही परंपरा विणतो. असं म्हणून हसल्या.

---

प्वेब्लावाला

हे लई भारी. आणि खरंच आहे. तेनांगोचं ते भरतकाम, रंगीत प्राणी, ससे, कोंबडे, ज्याच्यावरून मंत्र्यांनी पत्र लिहिलं, ते १९६० च्या दशकातलं आहे. दुष्काळ पडला, शेती गेली, तिथल्या ओतोमी या आदिवासी समाजाच्या बायका घरातलं भरतकाम बाजारात विकायला लागल्या आणि त्यातून हा प्रकार वाढला. म्हणजे माझ्या आईपेक्षा लहान.

---

ठाणेकर_काका

घ्या. म्हणजे साठ वर्षांची परंपरा. मग कसलं आलंय प्राचीन वगैरे?

---

मीनल_म

काका, प्राचीन असेल तरच त्यांचं, असं कुठे आहे? तेवानाची मखमल बाहेरून आलेली, लेस बाहेरची, मोठी फुलं त्या मनिलाच्या गलबतांतून आलेल्या शालींवरून घेतली असं म्हणतात आणि भूमितीची नक्षी असते ती शिलाई मशीनवर साखळी टाक्याने घालतात. तरी तो पोशाख दुसऱ्या कुणाचा नाही. आपण मिरची काढून दाखवतो का ठेच्यातून, पोर्तुगीजांची म्हणून?

---

लष्करच्या_भाकऱ्या

मीनलला अनुमोदन. सिनाकान्तानचं तर मी आता शोधून वाचलं. तिथले कपडे आधी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे होते, फुलं नव्हतीच. गावाने फुलांची शेती सुरू केली, ग्रीनहाऊसं आली आणि हळूहळू फुलं कपड्यांवर चढली. आता जांभळ्या-निळ्यावर एवढी फुलं की खालचं कापड दिसत नाही. लग्नाच्या विपीलमध्ये मात्र अजून कोंबडीची पांढरी पिसं विणतात.

---

चिंचोका

रेबोसोबद्दल कुणीतरी लिहा ना. बाळंतपणानंतर इथे (मी टेक्ससला) मला दाईने पाठीला बांधायला दिला होता, पोटातलं बाळ फिरवायला पण वापरतात म्हणाली.

---

निरगुडी

रेबोसो म्हणजे ओढणी, झोळी, पिशवी, छत्री सगळं एकच. १९१० च्या क्रांतीत ज्या बायका सैन्याबरोबर रेल्वेच्या टपावर बसून गेल्या त्यांच्या फोटोत छातीवर काडतुसांचे पट्टे आणि पाठीवर रेबोसोत पोर. चांगला रेबोसो तेनान्सिंगोचा किंवा सान्ता मारीया देल रियोचा. आधी धाग्याला गाठी मारून रंगवायचा आणि मग विणायचा, म्हणजे आपलं पोचमपल्ली-पटोळ्याचं तंत्र. रेशमी असला तर अंगठीतून आरपार जातो. पण मला आवडल्या त्या त्याच्या दशा. विणणं एकाचं आणि दशांच्या गाठी मारणं दुसरीचं काम, नुसत्या बोटांनी, त्यालाच काही आठवडे जातात आणि त्याचे पैसे सगळ्यात कमी, असं दुकानातल्या बाईनेच सांगितलं.

---

रंगारी

अवांतर होतंय पण आठवलं. जांभळ्या रंगाचं राहिलं. पिनोतेपा दे दोन लुईसचे मिश्तेक रंगारी समुद्रकाठच्या खडकांवर ओहोटीला जातात, ओल्या सुताची गुंडी हाताला अडकवलेली. खडकावरून गोगलगाय काढायची, फुंकर मारायची, ती चिडून पांढरा रस सोडते, तो सुतावर घ्यायचा आणि तिला परत सावलीच्या जागी ओल्या खडकावर ठेवायचं. सूत आधी पिवळट, मग हिरवं, उन्हात जांभळं. ऐंशीच्या दशकात एका जपानी कंपनीने हा रंग इतका ओरबाडला की गोगलगायी संपायला आल्या, १९८८ ला सरकारने संरक्षण दिलं. आता हे करणारे बोटावर मोजण्याइतके उरलेत. आमच्या धंद्यात मी एवढं काही पाहिलं नाही की ज्यात रंग देणारा प्राणी जिवंत परत जागेवर ठेवतात.

@पोटोबा, हे चालेल का चातुर्मासात?

---

पोटोबा

चिडवलेलं चालत नसावं. घरी विचारून सांगतो.

---

निरगुडी

जळीत परीक्षेचा निकाल: काळा मणी. :( ॲक्रिलिक. पांढरा ताणा मात्र सुती आहे.

मी हिरमुसून त्या सहकारीला सांगितलं तर तिने सरळ आईलाच व्हिडिओ कॉल लावला. आईला स्पॅनिश कमी येतं, मुलगी मध्ये त्सोत्सिल बोलत होती. आईचं म्हणणं, मग काय असणार, सगळ्याजणी तेच वापरतात, ऊन लागलं तरी विटत नाही, रंग कसा ठणठणीत दिसतो. लोकर रंगवत बसायला वेळ कुणाला आहे.

मग म्हणाली उलटा करून दाखव. मी कॅमेऱ्यासमोर पसरला. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली डावीकडचा पट्टा दुसऱ्या हातचा आहे, तिथे चौकोनांच्या ओळी हळूहळू खाली सरकत गेल्यात, शिकणाऱ्या मुलीने विणलाय, आईने मधला आणि उजवा केला असणार. मी तो तीन महिने बघतेय, मला एकदाही दिसलं नव्हतं. आता तेवढंच दिसतं.

मी तिला विचारलं मी हा घालू का. ती म्हणाली घाल की, पण जीन्सवर घालतेस का? घागरा नाही तुझ्याकडे? त्यांच्या चर्चमधल्या देवीला एकावर एक विपील चढवतात, जुने काढून टाकत नाहीत, तिच्याकडे आमच्या पणजीच्या वेळचे पण असतील म्हणाली, हवं तर येऊन बघ.

आणि मग तिने विचारलं, कितीला घेतलास. मी सांगितलं. तिने मुलीला काहीतरी विचारलं, आकडा परत ऐकून घेतला, आणि दोघी एकमेकींशी भराभर बोलायला लागल्या, मला काही कळेना. शेवटी सहकारी म्हणाली, आई म्हणते पुढच्या वेळी दुकानात जाऊ नको, मला सांग.

---

ठाणेकर_काका

म्हणजे मी म्हणत होतो तेच.

---

लष्करच्या_भाकऱ्या

काका, तुम्ही म्हणत होता विणणारीला कमी द्या. ती म्हणतेय दुकानदाराला देऊ नका.

---

ठाणेकर_काका

बरं. हे मान्य.

---

निरगुडी

ईस्टरच्या सुट्टीत जायचं ठरतंय, आधी सान क्रिस्तोबाल आणि मग तिच्या आजोळी. कुणी गेलंय का तिकडे? थंडी किती असते, आणि आईसाठी काय न्यावं? मी खणाचं कापड न्यायचा विचार करतेय, दोन मीटर पडलंय घरात.

---

प्वेब्लावाला

एप्रिलमध्ये सुद्धा रात्री स्वेटर लागतो, २००० मीटरच्या वर आहे शहर. सान्तो दोमिंगोच्या जुन्या मठात मायांच्या कापडांचं म्युझियम आहे, ते गावांत जायच्या आधी बघा, म्हणजे काय बघतोय ते कळतं. चामुलाला गेलात तर चर्चच्या आत अजिबात फोटो काढायचा नाही, कॅमेरा काढून घेतात. खण न्या, पण त्या उलटा करून बघणार हे लक्षात ठेवा. पॉवरलूमचा नेऊ नका.

---

निरगुडी

आत्ता बघितलं. पॉवरलूमचाच आहे. आईला फोन लावते.